शेजार बदलतो तेव्हा

अमेरिकेतील मिनिआपोलिस शहराच्या सीडर-रिव्हरसाइड वस्तीत पूर्वी नॉर्वे-स्वीडनहून आलेले कष्टकरी राहत. १८६८ साली तेथे ट्रिनिटी ही ल्यूथरन मंडळी स्थापन झाली. पुढे, १९९१ नंतर यादवीने परागंदा झालेले सोमाली मुसलमान त्याच वस्तीत आले. अशा मंडळीला संपर्क-कार्यकर्ता कशासाठी हवा? धर्मांतरासाठी, असे आपण चटकन म्हणतो. पण ल्यूथरच्या शिकवणीप्रमाणे सत्कर्मांनी तारण मिळत नाही. ती शेजाऱ्यासाठी करायची असतात. शेजाऱ्याची निकड म्हणजे मुलांचा अभ्यास, नवी भाषा, सरकारी अर्ज. ती जाणणारा सोमाली माणूसच या कामावर नेमावा, तो मुसलमान असला तरी, असे मला वाटते. एकेकाळी परके म्हणून आलेल्यांच्या वारसांना हे उमगायला हवे.