वाकड्या पायाला नवा गुडघा : आधी ओळंबा, मग सांधा

कांद्याची लागवड सुरू झाली की सिन्नर तालुक्यात बायामाणसं सकाळी वाफ्यात बसतात, ती दुपारच्या भाकरीपर्यंत उठत नाहीत. खुरपणी, काढणी, पात कापणे ही सगळी कामे उकिडवे बसून. सिन्नर शहरात आणि आसपासच्या गावांत विड्या वळणाऱ्या बायांनी मांडीवर सूप घेऊन पिढ्या काढल्या. डोक्यावरचा हंडा, पाटी आणि गवताचा भारा हे वेगळेच. साठी जवळ आली की यातल्या कित्येकींचे गुडघे धरतात. नीट पाहिले तर गुडघे नुसते दुखत नाहीत, पायही वाकत जातात. दोन गुडघ्यांच्या मधून कोंबडं निघून जावं इतके पाय फाकतात, चाल बदकासारखी डुलती होते. घरात विचारले तर उत्तर ठरलेले : "वय झालं, चालायचंच."

प्रस्तुत लेखक कृषी विस्ताराचे काम करतो, वैद्यकी त्याचा प्रांत नव्हे. पण आपली अर्धी शेती ज्या पायांवर उभी आहे, त्यांच्याविषयी या पानावर लिहिणे गैर होणार नाही. कारण गुडघा बदलण्याचे ऑपरेशन आता खेड्यापाड्यात माहीत झाले असले, तरी पाय वाकडा असेल तर या ऑपरेशनात काय वेगळे करावे लागते, हे फारसे कोणी सांगत नाही.

भार कुठून जातो?

गवंडी भिंत बांधताना ओळंबा सोडतो. पायालाही असाच ओळंबा आहे. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ धरली तर सरळ पायात ती गुडघ्याच्या मध्याजवळून जाते. अशा पायातही चालताना निम्म्याहून जास्त भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो. पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला की ही रेघ आणखी आत सरकते आणि आतल्या बाजूची कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, लवकर झिजते. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचे अलाइनमेंट बिघडले की टायर एका कडेने खातो, तसाच हा प्रकार. गादी झिजली की पाय अजून वाकतो, आणि वाकला की झीज वाढते. हे चक्र आपोआप थांबत नाही.

काहींचे उलटे असते. गुडघ्याला गुडघा घासतो आणि पावले लांब पडतात. यात बाहेरची बाजू झिजते. संधिवात, लहानपणचा मुडदूस, पाण्यातले जादा फ्लोराइड अशी याची कारणे असतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांनी फ्लोराइडचा हा त्रास भोगला आहे. पूर्वी मोडलेले हाड वाकडे जुळले असेल तरी पायाची रेघ बिघडते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. थोडा बाक म्हणजे रोगच, असे नाही. बेल्जियममधील डॉक्टरांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० ते २७ वयाच्या २५० निरोगी तरुण-तरुणींचे पाय मोजले. ३२ टक्के पुरुषांत आणि १७ टक्के स्त्रियांत तीन अंश किंवा अधिक बाक शरीराच्या ठेवणीचाच निघाला. चिंता करायची ती बाक वाढत असेल आणि सोबत दुखणे असेल तेव्हा.

नवा गुडघा म्हणजे काय?

आजचा कृत्रिम गुडघा ज्या नमुन्यावरून आला, तो न्यूयॉर्कच्या 'हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी'त १९७४ साली प्रथम बसवला गेला. तो घडवणाऱ्यांत डॉ. जॉन इन्सॉल यांच्याबरोबर आपले डॉ. चित्तरंजन राणावत होते. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात याच राणावतांनी बदलले. गुडघा बदलतात ही गोष्ट घरोघर कळली ती तेव्हापासून.

'गुडघा बदलतात' म्हणजे सगळा सांधा काढून फेकत नाहीत. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचा माथा यांचा काही मिलिमीटर जाडीचा झिजलेला थर कापतात. वरच्या हाडावर धातूची टोपी आणि खालच्यावर धातूची पट्टी बसवून मध्ये चिवट प्लास्टिकची चकती घालतात.

वाकड्या पायात अवघड काय?

सरळ पायात हे काप घेणे सोपे. वाकड्या पायात नवा सांधा जुन्याच बाकावर बसवला, तर भार पुन्हा एकाच बाजूला येतो आणि चकती झिजण्याचा किंवा सांधा ढिला होण्याचा धोका वाढतो. म्हणून ऑपरेशनातच पायाची रेघही सुधारून घ्यावी लागते.

दुसरी अडचण बंधांची. वर्षानुवर्षे पाय वाकडा राहिला की गुडघ्याच्या आतल्या बाजूचे बंध आखडतात आणि बाहेरचे सैल पडतात. बैलगाडीच्या जुवाला एकीकडची दोरी ताठ आणि दुसरीकडची ढिली, अशी गत. सर्जनला आतल्या बाजूची वाढलेली हाडे काढून आखडलेले बंध बेताने मोकळे करावे लागतात. जास्त सोडले तर गुडघा लटपटतो, कमी सोडले तर बाक राहतो. नडगीचा माथा एका बाजूने खचला असेल तर तो खड्डा सिमेंटने, रुग्णाच्याच कापलेल्या हाडाच्या तुकड्याने किंवा धातूच्या पाचरीने भरतात. बंध अगदीच गेले असतील तर जास्त आधार देणारा वेगळा सांधा लागतो. आत वळलेला पाय सरळ करताना गुडघ्याबाहेरची नस ताणली जाऊन पाऊल उचलता न येण्याचा धोका असतो, तोही आधी समजून घ्यावा.

तिसरी अडचण आपल्या लोकांच्या हाडांची. अनेकांचे मांडीचे हाडच मधे वाकलेले असते. मुंबईचे डॉ. अरुण मुल्लाजी यांनी भारतीय रुग्णांच्या अशा बाकाचा अभ्यास केला आणि २०१४ साली डॉ. गौतम शेट्टी यांच्यासोबत याच विषयावर इंग्रजीत ग्रंथ काढला. मुद्दा असा की सर्वांना एकच ठरीव कोन चालत नाही, प्रत्येकाचा पाय मोजावा लागतो. त्यासाठी नुसत्या गुडघ्याचा एक्स-रे पुरत नाही. उभे करून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे घ्यावा लागतो. मोजमापाला आता संगणक आणि रोबोटची मदत मिळते. ती उपयोगी आहे, पण कसबी हाताची जागा ती घेत नाही.

थांबायचे किती?

शिवार बैठकीत एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, आईचे पाय लई वाकलेत. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा. आई म्हणती, खुरपं हातात धरतीय तवर नको. कोणाचं ऐकू?"

या प्रश्नाला एकच उत्तर नाही. दुखणे सोसवत असेल, बाक थोडा असेल, तर घाई नको. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन घटवणे, हातात काठी, उकिडवे बसण्याऐवजी पाटावर किंवा स्टुलावर बसून काम, यांनी बरेच निभते. अंगावरचे एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, असे मोजले गेले आहे.

रुग्ण पन्नाशीच्या आतबाहेर असेल, कष्टाचे काम सुटणार नसेल आणि झीज एकाच बाजूला असेल, तर गुडघा न बदलता नडगीचे हाड कापून पाय सरळ करण्याचे ऑपरेशन असते. आपला सांधा शाबूत राहतो. हा पर्याय आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

पण रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणे अवघड झाले असेल आणि बाक वर्षागणिक वाढत असेल, तर थांबण्याने फायदा नाही. हाड खचत जाते, बंध आखडत जातात आणि सोपे ऑपरेशन अवघड होते. शिवाय दुखऱ्या पायाचा भार चांगल्या पायावर पडतो.

खर्च आणि काळजी

१६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तोपर्यंत दीड लाखाच्या वर पडणाऱ्या नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत तेव्हा ५४,७२० रुपये अधिक कर अशी ठरली. रुग्णालयाचा खर्च वेगळा असतो आणि वाकड्या पायाला जादा भाग लागले तर बिलही वाढते, म्हणून आकडा आधी लेखी घ्यावा. शासनाच्या आरोग्य योजनेत हे ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसते, ते शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आरोग्यमित्राला विचारावे. कांद्याची पट्टी आली की मग बघू, किंवा जमीन गहाण टाकू, असे ठरवण्याआधी ही चौकशी करावी.

ऑपरेशनपूर्वी साखर आटोक्यात हवी. टाचेच्या भेगा, चिखल्या, पायाची जखम, किडका दात हे आधी बरे करून घ्यावे, कारण नव्या सांध्यात जंतू शिरणे हा मोठा धोका आहे. सहसा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवतात. व्यायाम मात्र दोन-तीन महिने नेटाने करावा लागतो. पुढे उकिडवे बसणे बहुधा वर्ज्य, म्हणून घरी कमोडची सोय आधीच करावी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, सांधेबदलाच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारित पाहणीत १०० पैकी सुमारे ८२ नवे गुडघे २५ वर्षे टिकल्याचे दिसले.

डॉक्टरांकडे जाताना चार प्रश्न कागदावर लिहून न्या. माझा पाय किती अंश वाकला आहे? उभ्याने लांब एक्स-रे काढला का? हाड भरावे लागेल का, वेगळा सांधा लागेल का? माझा स्वतःचा गुडघा ठेवून काही करता येईल का? सोबत घरातला एक जाणता माणूस न्यावा, आणि उत्तरे समजली नाहीत तर न लाजता पुन्हा विचारावीत.