हिरवी खूण काय सांगते?

टेस्ट आपोआप चालतात म्हणजे वेबसाइट निर्दोष, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. २००४ साली जन्मलेले सेलेनियम हे साधन ब्राउझर स्वतः उघडते, नाव भरते, बटण दाबते आणि अपेक्षित पान आले का ते पाहते. कंटिन्युअस इंटिग्रेशनमुळे (कोडमधला प्रत्येक बदल लगेच जोडून तपासण्याची पद्धत) हे दर बदलाला घडते आणि सगळे जुळले की हिरवी खूण दिसते. त्यासाठी लागणारे नाना फोन आणि ब्राउझर क्लाउडवर (इंटरनेटवरून वापरायची दुसऱ्याची यंत्रे) भाड्याने मिळतात. मुंबईत २०११ साली सुरू झालेली ब्राउझरस्टॅक ही कंपनी अशी सेवा देते.

बाहेर पडताना आपण कुलूप ओढून पाहतो, तशीच ही आपोआप होणारी तपासणी. कुलूप लागल्याचे कळते. मागची खिडकी उघडी राहिल्याचे नाही. बटणावरची वेलांटी कापली गेली आणि ती तपासायला सांगितलेच नसेल, तर खूण हिरवीच येते. नवे पान एकदा स्वतःच्या फोनवर उघडून वाचाच.