सातव्या सीटचं गणित

एका वाचकाचा प्रश्न आलाय: "ऑडी क्यू ७ मध्ये सात माणसं बसतात, क्यू ८ मध्ये पाचच. लांबीलाही क्यू ८ थोडी आखूडच. मग ती महाग कशी? दोन सीट कमी केल्या तर पैसेही कमी व्हायला हवेत ना?"

भारतापुरतं अर्धं उत्तर आयात शुल्कात सापडेल. क्यू ७ छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळवली जाते, क्यू ८ तयार होऊनच जहाजातून उतरते. पण जर्मनीत आणि अमेरिकेतही हाच क्रम आहे आणि तिथे ही सबब चालत नाही. दोन्ही गाड्या स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाच्या एकाच कारखान्यात, एकाच सांगाड्यावर बनतात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, दोन्हींत जवळपास तीन मीटर. फरक मुख्यतः मागच्या छताच्या उतारात आणि तिसऱ्या रांगेत. तेव्हा चौकशी तिसऱ्या रांगेचीच करायला हवी.

गाडी विकत घेणारा सीट मोजतो. गाडी आखणारा प्रत्येक सीट मागच्या ॲक्सलपासून किती लांब आहे ते मोजतो. पहिल्या दोन रांगा चाकांच्या मधल्या जागेत ऐसपैस मावतात. तिसरी रांग बहुतेक गाड्यांत थेट मागच्या ॲक्सलच्या वर येते. तिच्या खाली डिफरन्शियल, सस्पेन्शनचे दांडे, सायलेन्सरचा पाइप अशी गर्दी असते, त्यामुळे तिथली जमीन वर उचलावी लागते. वरून छत उतरत आलेलं असतं. या कात्रीत सापडलेली सीट जमिनीला चिकटते आणि बसणाऱ्याचा खुबा टाचेपेक्षा जेमतेम वर राहतो. गुडघे छातीकडे येतात, मांड्या सीटवरून सुटतात आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. उकिडवं बसायची आपल्याला सवय आहे हे खरं, पण डोकं छताला टेकवून, पाय अडकवून, पुण्याहून कोल्हापूरपर्यंत कोणी उकिडवं बसत नाही.

आणि हे झालं गाडी उभी असताना. ती चालू लागली की दुसरं गणित सुरू होतं. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून घाट उतरलेल्यांना ते तोंडपाठ आहे. मागचं चाक उंचवट्यावर चढलं की गाडी पुढच्या ॲक्सलभोवती तरफेसारखी वर उचलली जाते. सस्पेन्शन क्षणभर विसरलो, तर मागच्या चाकाखाली पाच सेंटिमीटरचा उंचवटा आल्यावर व्हीलबेसच्या मध्यावर बसलेला माणूस अडीच सेंटिमीटर उचलला जातो आणि ॲक्सलवर बसलेला पुरते पाच. एसटीचा व्हीलबेस साधारण साडेपाच मीटर, आणि शेवटचं बाक मागच्या ॲक्सलच्याही अडीच-तीन मीटर मागे. तिथे तोच पाचाचा उंचवटा साडेसातचा होतो. कंडक्टर पुढे का बसतो, याला तिकिटांखेरीज हेही एक कारण असावं!

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. मॉरिस ऑली हा ब्रिटिश इंजिनिअर रोल्स-रॉइसच्या अमेरिकेतल्या शाखेतून १९३० साली कॅडिलॅकमध्ये आला. तेव्हाच्या आलिशान गाड्यांची गंमत अशी की मालक सगळ्यात मागे बसे, आणि ती मागची सीट बहुधा ॲक्सलच्या वरच असे. सात जणांच्या लिमोझिनमध्ये मधली रांग घडीच्या छोट्या सीटांची, पोरंटोरं आणि बरोबरच्या माणसांसाठी. म्हणजे सर्वाधिक पैसे मोजणारा माणूस सर्वाधिक धक्के खात होता. पुढची स्प्रिंग कडक आणि मागची मऊ ठेवायची, अशी तेव्हाची रीत होती. मालकाची सीट मऊ व्हावी हा हेतू सरळ, परिणाम मात्र उलटा. पुढची चाकं आधी खड्ड्यात जातात आणि मागची थोड्या वेळानं. तीन मीटरच्या व्हीलबेसला ताशी ६० किलोमीटरला हा उशीर सुमारे ०.१८ सेकंदाचा. त्यात मागची स्प्रिंग मऊ, म्हणजे संथ. ती पुढच्या झोक्याला कधी गाठूच शकत नाही, आणि गाडी नावेसारखी पुढे-मागे डुलत राहते.

ऑलीनं १९३२ साली एक अजब गाडी तयार केली. सात जणांचीच एक लिमोझिन घेतली आणि तिच्यावर पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं बसवली. वजनं टोकांकडे नेली की गाडीचं डोलणं मंदावतं, मध्ये आणली की ती चटकन डोलते. स्प्रिंगांचा कडकपणाही बदलता येई. मोजमापाला उपकरणं नव्हतीच. माणसं बसवायची, गाडी हाकायची आणि विचारायचं: बरं वाटतंय का? या विचारपुशीतून निघालेला नियम आजही पाठ्यपुस्तकांत आहे. मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोडी चपळ हवी. मग उशिरा सुरू झालेला मागचा झोका पुढच्याला गाठतो आणि गाडी डुलायची थांबून सपाट वरखाली होते. त्यासाठी पुढच्या स्प्रिंग मऊ कराव्या लागल्या. पुढच्या सलग, जाड ॲक्सलवर तसं करायला गेलं की स्टिअरिंग थरथरे. म्हणून दोन्ही पुढची चाकं स्वतंत्र टांगावी लागली, आणि १९३४ च्या कॅडिलॅकमध्ये ती तशी आली. त्याच वर्षी क्रायस्लरनं 'एअरफ्लो' काढली. तिच्यात इंजिन पुढे ढकलून मागची सीट ॲक्सलवरून उचलली आणि चाकांच्या मधे आणून ठेवली. गाडी खपली नाही, पण सीटची ती जागा साऱ्या जगानं उचलली.

पुढे शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटच्या पहिल्या चॅसीचा आराखडाही ऑलीनंच काढला. त्या गाडीच्या कौतुकात नाव गाजतं ते झोरा आर्कस-डन्टव्ह यांचं, ज्यांना कंपनीत घेतलं होतं ऑलीनं. असो.

श्रीमंतांना ॲक्सलवरून उतरवायला एवढा खटाटोप झाला, आणि आता तिसरी रांग लावून माणसांना पुन्हा तिथेच बसवलं जातंय. लेक्ससचं उदाहरण सरळ आहे. तिची आरएक्स १९९८ पासून अमेरिकेत धो धो खपते, पण ती पाच जणांची. मुलं वाढली की गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे जातं, म्हणून २०१७ च्या अखेरीस आरएक्स एल आली. तिची शेपटी सुमारे ११ सेंटिमीटर लांबवली, व्हीलबेस मात्र २.७९ मीटरच ठेवला. या दोन आकड्यांतच निकाल होता. वाढलेली जागा ॲक्सलच्या मागची, तिथे पाय मावत नाहीत, फार तर पिशव्या मावतात. नवी आरएक्स आली तेव्हा एल गायब झाली आणि २०२३ मध्ये वेगळी टीएक्स अवतरली. तिचा व्हीलबेस २.९५ मीटर. वाढलेले १६ सेंटिमीटर दोन चाकांच्या मधले असल्यानं तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाला बसता येतं.

याहून शहाणी गाडी आधीच येऊन गेली होती. मर्सिडीजनं २००५ साली आर-क्लास काढली. तिच्यात तीन रांगांत सहा ऐसपैस सीट होत्या, बैठी बांधणी होती, आणि लांब आवृत्तीचा व्हीलबेस तब्बल ३.२१५ मीटर होता. ऑलीला ती मिळाली असती तर तो मागच्या सीटवरून उठला नसता. वर्षभरानं तिच्याच अलाबामातल्या कारखान्यातून उंच, चौकोनी जीएल बाहेर पडली, तिचा व्हीलबेस ३.०७५ मीटर. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकानं शहाणी गाडी नाकारली, कारण ती मिनिव्हॅनसारखी दिसत होती. जीएल आज जीएलएस नावानं विकली जाते आणि आपल्याकडे चाकणलाही जुळवली जाते. 'एसयूव्ही म्हणजे प्रशस्तपणा' असं जाहिरातीत दिसलं की मला आर-क्लास आठवते.

मग कंपन्यांना तिसऱ्या रांगेचा एवढा सोस का? एक कारण उघड आहे. पाच जणांच्या आणि सात जणांच्या गाडीत किमतीची एक पायरी तयार होते: मर्सिडीजच्या जीएलईवर जीएलएस, बीएमडब्ल्यूच्या एक्स ५ वर एक्स ७. दुसरं कारण अमेरिकेच्या कायद्याच्या पोटात आहे, आणि ते मला जास्त मजेदार वाटतं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७५ साली तिथे इंधन-कार्यक्षमतेचा कायदा झाला. त्यात मोटारींना कडक निकष आणि 'हलक्या ट्रक'ना सैल. शेतकरी आणि सुतार यांना जाच नको, हा त्यामागचा विचार. मागच्या सीट काढून सपाट माल-जागा करता आली तर गाडी ट्रकात मोडायची. क्रायस्लरची छोटीशी, जुन्या थाटाची पीटी क्रूझर या हिशेबात चक्क ट्रक ठरली! ही पळवाट बुजवताना सरकारनं अट घातली: २०१२ च्या मॉडेलपासून या वाटेनं ट्रक व्हायचं असेल तर तीन रांगा हव्यात, त्याही पर्याय म्हणून नव्हे, मूळ गाडीतच. चारही चाकांना ड्राइव्ह आणि जमिनीपासूनची उंची हा ट्रक होण्याचा वेगळा रस्ता आहे. पण पुढच्याच दोन चाकांवर चालणाऱ्या गुळगुळीत शहरी क्रॉसओव्हरला तिसरी रांग फार सोयीची. कोणी बसो न बसो, ती रांग गाडीचा कायदेशीर वर्ग बदलते. २०२५ च्या जुलैत इंधन-कार्यक्षमतेच्या निकषांचा भंग करण्याचा दंड अमेरिकेनं शून्यावर आणला. त्यामुळे या सोयीला आता पूर्वीची किंमत उरलेली नाही.

आपल्याकडे करासाठी सीट मोजत नाहीत. चार मीटरपेक्षा जास्त लांबी, १५०० सीसीपेक्षा मोठं इंजिन आणि १७० मिलिमीटर किंवा अधिक ग्राउंड क्लिअरन्स, या तीन अटी पुऱ्या केल्या की गाडी करासाठी सगळ्यात वरच्या गटात जाई; सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर सरळ ४० टक्के जीएसटी आहे. ही उंची रिकाम्या गाडीची मोजायची, हे २०२३ मध्ये स्पष्ट करावं लागलं. सात माणसं बसली की गाडी मागून दबते, आणि दबलेली गाडी मोजली की ती स्वस्त गटात बसू शकते, हे कोणाच्या तरी लक्षात आलं असणार. इनोव्हाच्या तिसऱ्या रांगेत लग्नाला निघालेली माणसं खरोखर बसतात, त्यामुळे आपल्या गिऱ्हाइकाला या रांगेबद्दल फसवणं तसं कठीण.

आता वाचकाचं उत्तर. आलिशान गाड्यांची शिडी चढत गेलात तर तिसरी रांग एका पायरीवर येते आणि तिच्यावरच्या पायरीवर नाहीशी होते. जीएलएसवरची मर्सिडीज-मेबॅक जीएलएस घ्या: व्हीलबेस तोच, ३.१३५ मीटर, पण तिसरी रांग काढलेली, दुसरी मागे सरकवलेली, आणि किंमत कितीतरी जास्त. जागा असूनही ती न वापरण्याचे हे पैसे आहेत. क्यू ८ त्याच कुळातली, फक्त इथे वाचवलेली जागा पायांऐवजी छताच्या उताराला दिलीय. ऑडीनं तिला आठ हा आकडा दिला, आणि गिऱ्हाईक आकडा बघून पैसे देतं.

इलेक्ट्रिक गाड्यांनी हा तिढा अर्धाच सोडवलाय. सायलेन्सर आणि इंधनाची टाकी गेली, पण जमिनीखाली बॅटरी आली, म्हणजे टाच पुन्हा वर. त्यावर उपाय व्हीलबेस ताणण्याचा: कियाच्या ईव्ही ९ चा ३.१ मीटर आहे. तुम्ही सात जणांची कुठलीही गाडी बघायला गेलात, तर स्टिअरिंग दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या, स्वतः तिसऱ्या रांगेत बसा आणि सेल्समनला स्पीडब्रेकर असलेल्या रस्त्यानं न्यायला सांगा. मांड्या सीटला टेकतात का, एवढंच बघा.