स्वातीचा पाऊस : माणिकमोती की धानाला कोंब?

हेडफोन लावा, आज आपण सिहोऱ्याच्या आभाळाबद्दल बोलू.

गेला आठवडा पाहा. सोमवारी पहाटे बांधीच्या धुऱ्यावर पाय ठेवला की दवानं चप्पल ओली. दुपारी मात्र ऑक्टोबर हीटचा चटका. बुधवारी पूर्वेकडून ढग आले, गुरुवारी रात्री चंद्राला खळं पडलं, आणि शुक्रवारी पाऊस. इकडे हलका धान कापून कडपा बांधीतच पसरलेला!

आता आपली म्हण काय सांगते? 'पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती.' म्हण खोटी नाही, पण ती रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याच्या शेताला जास्त लागू पडते. तिथं जमिनीत ओल हवी असते. आपल्याकडे याच पावसाचे दोन अर्थ निघतात. उभ्या भारी धानाला आणि त्यात फेकलेल्या लाखोरीला तो चालतो. कापलेल्या कडप्याला मात्र कोंब फुटतात. वर सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा 17 टक्क्यांपेक्षा जास्त निघाला की माल परत. वर्षभराची मेहनत तिथं अडकते.

मग नक्षत्रं बघायची की नाही? बघा, पण समजून बघा. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो, म्हणून स्वाती दरवर्षी 24 ऑक्टोबरच्या आसपासच लागते. म्हणजे नक्षत्र हे ऋतूचं कॅलेंडर आहे. या दिवसांत काय होऊ शकतं, ते कळतं. वाहनाचं तसं नाही. बेडूक, म्हैस, हत्ती हे सगळं नक्षत्रं मोजून, नवानं भागून, उरलेल्या बाकीवरून ठरतं. सिहोरा असो की सातारा, वाहन एकच. पाऊस एकच असतो का, सांगा बरं?

ऑक्टोबर संपताना आपल्याकडे पाऊस येतो तो बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातून. 2025 मध्ये 'मोंथा' चक्रीवादळानं 28 ऑक्टोबरच्या रात्री आंध्रचा किनारा ओलांडला, आणि त्याचा उरलेला जोर छत्तीसगड-विदर्भाकडे सरकला. तेव्हा नक्षत्र स्वातीच होतं.

आणि खळं? त्यात मात्र दम आहे. खूप उंचावरच्या पातळ ढगात बर्फाचे कण असतात, त्यातून चांदणं वाकतं आणि कडं दिसतं. असे ढग कधी कधी मोठ्या पावसाच्या पुढे धावतात. दरवेळी पाऊस येईलच असं नाही, पण खळं दिसलं की मोबाईल काढायचा.

मोबाईलवर काय बघायचं? 'मेघदूत' ॲप. हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, पुढच्या पाच दिवसांचा. विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी'. बांधीत असताना कडकडाट सुरू झाला तर झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.

माझं साधं गणित असं : पाच दिवस कोरडे दिसले तरच विळा काढायचा. कडपा आधीच पडला असेल आणि पूर्वेकडून ढग येत असतील, तर वाळलेला धान उचलून उंच जागी पुंजणं घालायचं, वर ताडपत्री टाकायची. भिजलाच, तर पाणी काढून द्यायचं आणि ऊन पडताच कडपा उलटायचा. ओला धान रचून ठेवला तर आतून तापतो.

घरी आजोबा असतील तर त्यांना आज विचारा, ते आभाळात आधी काय बघतात? उत्तर व्हॉइस नोटनं पाठवा. भेटू पुढच्या भागात!