पहाऱ्याची दुसरी पाळी

लष्करात पहाऱ्याचा एक साधा नियम आहे. एकाने जागायचे ते दुसऱ्याला निर्धास्त झोपता यावे म्हणून, आणि ठरलेली घटका भरली की झोपलेल्याने उठून जागणाऱ्याची जागा घ्यायची. बर्फातल्या चौकीत काय किंवा जंगलातल्या तळावर काय, जवानाच्या झोपेचा सारा आधार हा एवढाच असतो. पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीत हा नियम त्याच्या अंगात भिनतो. पुढे निवृत्तीचा दिवस उगवतो. बंदूक जमा होते, ओळखपत्र बदलते आणि निरोपाचा हार गळ्यात घालून तो गावी परततो. अडचण अशी की, पहारा मात्र जमा करून घेणारे खाते कोठेच नसते. गावी आल्यावरही तो रात्र रात्र जागत राहतो. आता फक्त त्याची पाळी बदलायला कोणी येत नाही.

हा प्रश्न जालना जिल्ह्याच्या संदर्भात मांडावासा वाटतो, याला कारण आहे. सैनिकांचा प्रांत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सातारा-कोल्हापूर येतात. मराठवाड्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः या भूमीला शस्त्र अपरिचित नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांची निर्णायक लढाई झाली ती याच जिल्ह्यातील असई येथे. पुढे एकोणिसाव्या शतकात जालन्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्या कंटिंजंटच्या पायदळाचा वारसा सांगणारी रेजिमेंट १९४५ पासून कुमाऊँ रेजिमेंट या नावाने ओळखली जाते. आज मात्र येथील तरुण भरतीच्या मैदानावर धावतो, तो या इतिहासाच्या ओढीने नव्हे. कोरडवाहू शेती, बेभरवशाचा पाऊस आणि भावाभावांत वाटून उरलेली दोन-तीन एकर जमीन हीच त्याची खरी प्रेरणा. १९७२ चा दुष्काळ वडिलांनी पाहिला, २०१२-१३ मध्ये मोसंबीच्या वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली ती मुलांनी पाहिली. लष्कराचा नियमित पगार हे अशा घराला पाटाचे पाणीच होय.

परंतु शिपाई पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. शहरातल्या कारकुनाला ज्या वयात बढतीची स्वप्ने पडतात, त्या वयात हा 'माजी' होतो. हाती निवृत्तिवेतन असते हे खरे. पण घराचे कर्ज, मुलांची शिक्षणे आणि म्हाताऱ्यांची औषधे यांपुढे ते तोकडे पडते. मग तो जालन्याच्या लोखंडाच्या गिरणीवर, बियाण्यांच्या गोदामावर किंवा एखाद्या बँकेच्या दारात पुन्हा पहारेकरी होतो. सीमेवरचा पहारा आणि फाटकावरचा पहारा यांत शरीराचे श्रम कदाचित सारखेच असतील, पण मानाच्या बाबतीत दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्यांना नोकरी नको असते किंवा मिळत नाही, ते शेतातल्या आखाड्यावर जाऊन राहतात. घरचे लोक सांगतात, 'त्यांना माणसांत करमत नाही.' फटाका वाजला की दचकणे, क्षुल्लक कारणावरून संतापणे, दाराकडे पाठ करून न बसणे, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रात्रभर डोळा न लागणे. गाव याला विक्षिप्तपणा म्हणते. कोणी दारूकडे बोट दाखवते. दारू असतेही कधी कधी, पण ती बहुधा मागाहून आलेली असते.

अशा आखाड्यावर गेलात तर खाटेजवळ एक कुत्रे हटकून दिसेल. ते कोणी विकत आणलेले नसते. कोठून तरी आलेले, भाकरीच्या तुकड्यावर टिकलेले आणि हळूहळू त्या माणसाचे झालेले असते. रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरे आणि रोही रात्री शिवारात उतरतात. त्या राखणीत या दोघांची जोडी जमते. कुत्र्याला माणसाआधी चाहूल लागते. ते कान टवकारते, उठते, बांधापर्यंत जाऊन भुंकते आणि परत येऊन पायथ्याशी अंग टाकते. पुष्कळांना ही केवळ पिकाची राखण वाटेल. पण ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे पहाऱ्याच्या पाळ्यांत काढली, त्याला या घटनेचा अर्थ निराळा लागतो. आपल्याहून तीक्ष्ण कानांचा कोणी तरी जागा आहे. काही घडलेच तर तो उठवील. तेव्हा आता डोळे मिटण्यास हरकत नाही. कित्येक वर्षांनी त्याच्या पहाऱ्याची दुसरी पाळी कोणीतरी उचललेली असते.

आपल्या भाषेत परम दैन्याचे वर्णन करताना 'त्याचे हाल कुत्रा खाईना' असे म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याने माणसे पुष्कळ पाहिली असतील, कुत्रे मात्र नीट पाहिले नसावे. कारण ज्या हालांत नातेवाईक वाटेकरी होत नाहीत आणि मित्र तोंड चुकवतात, त्या हालांत बिनतक्रार वाटा घेणारा प्राणी तो हाच. त्याला हुद्दा कळत नाही, निवृत्तिवेतनाचा आकडा कळत नाही. 'आता ते दिवस विसरा' असा उपदेश तर त्याला करताच येत नाही, आणि हा त्याचा केवढा मोठा गुण आहे!

हे निव्वळ भावनेच्या भरात लिहिलेले नाही. युद्धाचा मनावर होणारा हा आघात १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र व्याधी म्हणून नोंदला गेला. तिकडे अशा माजी सैनिकांना खास शिकवलेले कुत्रे देण्याचे प्रयोग गेली काही वर्षे चालू आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५६ सैनिक व माजी सैनिकांची पाहणी करण्यात आली. ज्यांना असा कुत्रा मिळाला होता, त्यांच्या बाबतीत तीन महिन्यांनंतर ही व्याधी निदानात कायम राहण्याची शक्यता, कुत्रा न मिळालेल्यांच्या तुलनेत ६६ टक्क्यांनी कमी आढळली. शिकवलेला कुत्रा दुःस्वप्नातून धन्याला जागे करतो, गर्दीत त्याच्या पाठीशी उभा राहतो. आपल्या आखाड्यावरच्या कुत्र्याला यातले काही शिकवलेले नसते. त्यामुळे तिकडचे आकडे जसेच्या तसे इकडे लागू करणे शास्त्राला धरून होणार नाही. पण जिवाला सांभाळणारा दुसरा जीव जवळ असणे आणि त्याच्या भुकेसाठी का होईना रोज सकाळी उठावे लागणे, ही औषधाची मुळे दोन्हीकडे सारखीच आहेत.

आणि ही जखम नवी आहे असे तरी कोणी म्हणावे? महाभारतातील शांतिपर्वाचा आरंभ विजयोत्सवाने होत नाही. तो होतो युद्ध जिंकलेल्या धर्मराजाच्या शोकाने. राज्य नको, वनात जातो, असे तो म्हणतो, आणि भाऊ, पत्नी, ऋषी सगळे त्याला समजावून थकतात. पुढे महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी आणि भाऊ एकेक करून पडतात. अखेरपर्यंत सोबत उरतो तो एक कुत्रा. त्याला सोडून स्वर्गात यायला धर्मराज नकार देतो. तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म होता हे आपण कौतुकाने सांगतो. पण धर्मराजाला ते ठाऊक नव्हते. त्याने स्वर्ग नाकारला तो एका साध्या, वाटेत मागे लागलेल्या कुत्र्यासाठी. युद्धातून परतलेल्या माणसाचे मन व्यासांनी किती जवळून पाहिले होते, याची ही साक्ष आहे.

आता आपल्या व्यवस्थेकडे वळू. तिला हे नाते अपरिचित आहे असे नाही. मीरतला लष्कराच्या रिमाउंट व व्हेटरनरी कोअरचे केंद्र आहे आणि तेथे कुत्र्यांना व त्यांच्या हस्तकांना एकत्र शिक्षण मिळते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये काश्मिरात मानसी नावाची लॅब्रॅडॉर कुत्री आणि तिचा हस्तक बशीर अहमद वार हे दोघे एकाच चकमकीत कामी आले; मानसीच्या नावाची पुढे शौर्याबद्दल लष्करी खलित्यात नोंद झाली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राजौरीत केंट नावाच्या कुत्रीने आपल्या हस्तकाचा जीव वाचवताना प्राण दिला. जालन्याच्या शेजारी बीडला पोलिसांच्या रॉकी नावाच्या कुत्र्याला २०२० साली सन्मानाने अखेरचा निरोप देण्यात आला. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्याने साह्य केले होते. मेलेल्यांचा सन्मान आपल्याला उत्तम जमतो. प्रश्न आहे तो जिवंतपणी निवृत्त झालेल्यांचा.

लष्करी सेवेस निरुपयोगी ठरलेल्या कुत्र्यांना मारून टाकले जाते, ही गोष्ट २०१५ मध्ये माहितीच्या अधिकारातून उजेडात आली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि ही प्रथा थांबवून पुनर्वसनाचे धोरण आखण्याची ग्वाही केंद्र सरकारला द्यावी लागली. त्यानंतर निवृत्त लष्करी कुत्रे नागरिकांना दत्तक देण्याची वाट खुली झाली. हे स्वागतार्हच आहे. परंतु शेकडो कोस दूर असलेल्या मीरतहून कुत्रा आणणे आणि त्याच्या उतारवयातील आहार-औषधांचा भार उचलणे, हे भोकरदन-परतूरच्या एखाद्या माजी हस्तकाला कसे परवडावे? अमेरिकेने व्हिएतनाममध्ये नेलेल्या सुमारे चार हजार कुत्र्यांपैकी बहुतेकांना तेथेच सोडून दिले. त्या लाजेतून शहाणे होऊन २००० साली तेथे दत्तकाचा कायदा झाला आणि पुढे जुन्या हस्तकाचा अग्रहक्कही मान्य झाला. आपल्याकडेही निवृत्त कुत्र्यावर पहिला हक्क त्याच्या हस्तकाचा असावा, आणि कुत्रा त्याच्या गावी पोहोचवण्याचा व पशुवैद्यकीय उपचारांचा खर्च सरकारने सोसावा. एवढ्याने संरक्षण-खात्याचा अर्थसंकल्प कोलमडणार नाही.

तथापि हस्तक मूठभर. माजी सैनिक कितीतरी अधिक. त्यांच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, २००३ पासून माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, १४४१६ हा मानसिक आरोग्याचा दूरध्वनी आहे आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ च्या डिसेंबरमध्ये सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्याचा खास कक्षही सुरू झाला. पण राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे झाली. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. शिवाय दूरध्वनी करण्यासाठी आपल्याला काही झाले आहे हे आधी मान्य करावे लागते, आणि आयुष्यभर 'सब ठीक है' म्हणण्याची शिस्त लागलेल्याला नेमके तेच जमत नाही. म्हणून विचारणाऱ्यानेच त्याच्यापर्यंत गेले पाहिजे. निवृत्तिवेतनाच्या कामासाठी तो कार्यालयात येतो, तेव्हा कागदांबरोबर 'झोप लागते का?' एवढा एक प्रश्न विचारला जावा. आणि त्याच्या आखाड्यावरच्या कुत्र्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस विनामूल्य व विनासायास मिळावी.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. गावोगाव भटक्या कुत्र्यांचा उपद्रव वाढला आहे, लहान मुलांना चावे बसत आहेत, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही यात लक्ष घालावे लागले. अशा वेळी कुत्र्याचे गोडवे कशाला? रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, हे विसरून चालणार नाही. परंतु बेवारस कुत्रे आणि धन्याचे, लस टोचलेले, बांधावर राखण करणारे कुत्रे यांत फरक आहे. किंबहुना एका भटक्या कुत्र्याला धनी मिळणे हेही त्या उपद्रवावरचे एक छोटे उत्तरच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कुत्र्याच्या भरवशावर माणसाला सोडून सरकार आणि समाज मोकळे तर होणार नाहीत ना? ते मात्र होता कामा नये. कुत्रा डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही, आणि शेजाऱ्याचीही नाही.

खरे सांगायचे तर, आखाड्यावरचे ते कुत्रे आपल्यावर मुकाट्याने ठपका ठेवीत असते. या माणसाने वर्षानुवर्षे जागून काढली ती आपण झोपावे म्हणून. आता त्याला झोप हवी आहे आणि जागण्याची पाळी आपली आहे. शिक्षकाने त्याला शाळेत बोलवावे, कारकुनाने त्याचा कागद अडवू नये, शेजाऱ्याने दिवाळीत त्याच्या घराजवळ बॉम्ब लावण्याआधी क्षणभर थांबावे. पाळी यापेक्षा अवघड नाही. आपण ती उचलीपर्यंत शिवारात एक मुके जनावर कान टवकारून बसलेलेच आहे.