छोटं प्रिंट-अँड-कट मशीन घेताना: जयंतीचा महिना नको, बाकीचे अकरा महिने पाहा

१४ एप्रिल होऊन गेला की मंडळाचा हिशेब मांडला जातो. डीजे आणि मंडप यांच्या खालोखाल मोठा आकडा असतो तो छपाईचा: बॅनर, स्टिकर, बॅजेस, स्वागताचे बोर्ड. मग कुणीतरी म्हणतं, "एवढा पैसा दरवर्षी बाहेर जातो, तर आपलंच एक मशीन का नको?" वस्त्यांमधल्या तरुणांसोबत काम करताना हा प्रश्न आमच्यापुढे अनेकदा आला आहे. प्रश्न योग्यच आहे. बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला आणि पुढे स्वतःचा छापखानाही उभा केला. आपलं म्हणणं छापण्याचं साधन आपल्या हातात असावं, ही भूमिका आपल्या चळवळीला नवी नाही.

पण छापखाना भावनेवर चालत नाही. आमच्या ओळखीच्या एका गटाने वर्गणी आणि उसनवारी करून जुनं मशीन घेतलं. एप्रिलमध्ये काम जोरात झालं, मे-जूनमध्ये मशीन बंद राहिलं, पावसाळ्यात हेडमधली शाई सुकली आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून सगळे गप्प झाले. मशीन वाईट नव्हतं. घेताना फक्त जयंतीचा महिना डोळ्यासमोर ठेवला होता, ही चूक होती. म्हणून हा लेख.

हे मशीन काय करतं आणि काय नाही

प्रिंट-अँड-कट म्हणजे एकाच यंत्रात इंकजेट छपाई आणि बारीक पात्याने कटिंग. व्हिनाईलच्या रोलवर आधी चित्र छापलं जातं, मग तोच रोल मागे घेऊन चित्राच्या कडेने पातं फिरतं. वरचा थर कापला जातो, खालचा कागद शाबूत राहतो. याला आपल्याकडे हाफ कट म्हणतात. गोल, अशोकचक्राचं, पिंपळपानाचं, कोणत्याही आकाराचं स्टिकर असं तयार होतं.

यातून चालणारी कामं अशी: दुकानाच्या काचेवरची अक्षरं, गाडीवरचे स्टिकर, डब्या-बाटल्यांची लेबलं, दवाखाना आणि शाळेतल्या दिशादर्शक पाट्या, सनबोर्डवर चिकटवायचे फलक, टी-शर्टवर दाबायचे ट्रान्सफर.

यातून न चालणारं काम म्हणजे चौकातला मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवाल्याकडे १० फुटी मशीन असतं. त्याच्या दराशी आणि वेगाशी छोटं मशीन कधीच स्पर्धा करू शकत नाही. म्हणजे ज्या खर्चामुळे मशीनचा विचार सुरू झाला, तो बॅनरचा खर्च यातून वाचणारच नाही. हे आधी मंडळात स्पष्ट सांगा.

रुंदी किती हवी

टेबलावर मावणाऱ्या गटात रोलँडचं बीएन-२० आणि त्याच मालिकेतली पुढची मशीनं परिचित आहेत. बीएन-२० मध्ये जास्तीत जास्त ५१५ मिमी रुंदीचा रोल बसतो आणि छपाई ४८० मिमीपर्यंत होते, म्हणजे जेमतेम दीड फूट. त्यापुढची पायरी साधारण ३० इंचांची. रोलँडच्या एसजी आणि मिमाकीच्या सीजेव्ही मालिकेत अशी मशीनं आहेत. किंमत आणि जागा दोन्ही त्यानुसार वाढतात.

निवडताना मागच्या सहा महिन्यांत तुमच्या ओळखीतून निघू शकली असती अशी वीस कामं कागदावर लिहा आणि प्रत्येकाचा आकार टाका. पंधरा कामं दीड फुटाच्या आत असतील तर छोटं मशीन पुरे. मोठी पाटी दोन पट्ट्या जोडूनही करता येते. पण बहुतेक कामं दुकानाच्या बोर्डांची असतील तर रोज जोड लावत बसावं लागेल, आणि उन्हात जोड उठला की गिऱ्हाईक परत येईल ते भांडायला.

एकत्र की वेगवेगळं

एकत्र मशीनचा फायदा जागेचा आणि अचूकतेचा. दहा बाय दहाच्या खोलीत ते मावतं, छापलेला रोल काढून दुसरीकडे लावावा लागत नाही. तोटा हा की कटिंग चालू असताना छपाई थांबते. काम वाढलं की हा तोटा जाणवतो. प्रिंटर आणि कटर वेगळे असतील तर एकीकडे छपाई, दुसरीकडे कटिंग चालतं आणि एक बिघडलं तरी दुसरं कमावतं.

आणखी एक मुद्दा विक्रेते फारसा सांगत नाहीत. बाहेर लावायच्या स्टिकरवर लॅमिनेशन लागतं, नाहीतर शाई घासली जाते आणि ऊन-पावसात लवकर फिकी पडते. इको-सॉल्व्हंट शाई छापल्या-छापल्या लॅमिनेट केली तर आत अडकलेल्या द्रावणामुळे फिल्म सुटते, कडा वळतात. म्हणून साधारण एक दिवस सुकवायचं, लॅमिनेट करायचं आणि मग कट करायचं. म्हणजे रोल मशीनमधून निघणार आणि परत लागणार. परत लावल्यावर छापलेल्या खुणा, म्हणजे क्रॉप मार्क, मशीन स्वतः वाचून नेमकं कापतं का, हे डेमोच्या वेळी करूनच पाहा. आणि लॅमिनेटरचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरा.

शाई, खोली आणि वीज

हे मशीन रोज चालायला हवं. बंद ठेवलं तर शाई हेडमध्ये सुकते, आणि हेड हा यातला सर्वांत महाग भाग. अशी बरीच मशीनं काम नसतानाही ठरावीक वेळाने स्वतःची सफाई करतात. त्यासाठी मुख्य वीजपुरवठा चालू ठेवावा लागतो. बिल वाचवायला रात्री मेन स्विच बंद करणं म्हणजे हेडवर घाव घालणं. वीज जाते तिथे यूपीएस हवाच. या सफाईत शाईही खर्च होते. "एका चौरस फुटाला शाई किती" या आकड्यात ती धरली आहे का, ते विचारा. हाताने करायच्या सफाईची पद्धतही पहिल्याच दिवशी शिकून घ्या.

खोलीबद्दल आग्रहाने सांगतो. इको-सॉल्व्हंट नावात 'इको' असलं तरी ते द्रावणच आहे. मशीनचा हीटर चालू झाला की वाफ येते. ज्या खोलीत लहान मुलं झोपतात, स्वयंपाक होतो, तिथे हे मशीन ठेवू नका. खिडकी आणि बाहेर हवा फेकणारा पंखा हवा. भाड्याने छोटा गाळा घ्यावा लागला तरी चालेल, घरच्यांच्या छातीवर धंदा नको.

देवनागरीची अडचण

बहुतेक व्हिडिओ इंग्रजी अक्षरांवर असतात. आपलं काम मराठीत आहे आणि तिथे वेगळी मेख आहे. देवनागरीत अक्षरं शिरोरेषेने जोडलेली दिसतात, पण संगणकात प्रत्येक अक्षर सुटं असतं आणि रेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. तसंच कटिंगला पाठवलं तर पातं प्रत्येक जोडावर शिरोरेषा चिरतं. 'बुद्ध विहार' चिकटवताना तुकडे होऊन हातात येतात. म्हणून मजकूर आधी कर्व्हमध्ये बदलायचा, मग वेल्ड करून अखंड करायचा आणि मगच कटिंगला पाठवायचा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरं बदलतात. कर्व्ह केल्याने तोही त्रास टळतो. 'ज्ञ', 'क्ष', 'श्री' यांच्या आतले बारीक तुकडे उपटून काढायला वेळ जातो. मजुरी ठरवताना तो वेळ धरा.

डेमोला काय न्यायचं

विक्रेत्याचा नमुना नेहमी सुंदरच येतो. आपली फाइल न्या. आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, निळा झेंडा. पडद्यावरचा भडक निळा चार शाईंत उतरताना बऱ्याचदा जांभळट येतो. आपल्या कामात हा रंग रोज लागणार, तो चुकून चालणार नाही.

दुसरी, पंचरंगी धम्मध्वज. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पट्टे शेजारी आले की मशीनची कसोटी लागते. केशरी आणि लाल वेगळे दिसतात का ते पाहा. पांढरा पट्टा म्हणजे बहुतेक वेळा नुसतं पांढरं व्हिनाईल. पारदर्शक किंवा रंगीत व्हिनाईलवर काम करायचं असेल तर पांढऱ्या शाईचं मशीन लागतं. ते महाग पडतं आणि पांढरी शाई तळाशी बसत असल्याने देखभालही जास्त. सुरुवातीला तिची गरज क्वचितच असते.

तिसरी, २२ प्रतिज्ञा एका छोट्या फलकावर. बारीक मराठी अक्षरांतले काना, मात्रा, अनुस्वार स्वच्छ आले तर मशीन चांगलं.

शेवटी विचारा: तंत्रज्ञ कोणत्या शहरातून येतो, किती दिवसांत येतो, हेड वॉरंटीत आहे का. लातूर किंवा यवतमाळमध्ये मशीन असेल आणि तंत्रज्ञ मुंबईहून येणार असेल, तर स्वस्तात मिळालेलं मशीनही महागच पडेल. याच शहरातल्या दोन जुन्या ग्राहकांना स्वतः जाऊन भेटा.

हिशेब

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. आपल्या गावचे दर घालून हाच हिशेब मांडा.

समजा ६ लाखांचं कर्ज, १२ टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता साधारण १३,३५० रुपये. दुरुस्तीसाठी बाजूला ३,०००. गाळा आणि वीज ५,०००. चालवणाऱ्याचा पगार १२,०००. एकूण महिन्याला सुमारे ३३,३५० रुपये. व्हिनाईल, शाई, लॅमिनेशन वजा जाता एका चौरस फुटामागे ४० रुपये उरत असतील, तर महिन्याला सुमारे ८३४ चौरस फूट विकले पाहिजेत. २५ दिवस धरले तर रोज ३३ चौरस फूट, म्हणजे दीड फुटी रोलचे रोज साधारण २१ फूट. इतकं काम झालं तर फक्त खर्च निघतो. एप्रिलमध्ये हे सहज होईल. जुलैमध्ये कोण देणार, त्याची नावं कागदावर लिहा. नावं लिहिता आली नाहीत तर थांबा.

भांडवल

मुद्रा योजनेत किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पीएमईजीपीमध्ये अनुसूचित जातीच्या अर्जदाराला स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात आणि प्रकल्पखर्चावर शहरी भागात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे. मात्र हे अनुदान हातात पडत नाही. तीन वर्षं ते बँकेतच राहतं आणि नंतर कर्जात जमा होतं. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहेत. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत, त्यामुळे "बौद्ध लिहिलंय म्हणून चालणार नाही" असं कुणी म्हटलं तर गप्प बसू नका. अटी बदलत असतात, अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन ताज्या पाहून घ्या. "कर्ज काढून देतो" म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.

कायद्याच्या दोन गोष्टीही लक्षात ठेवा. निवडणुकीची पत्रकं आणि पोस्टर छापताना मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता टाकणं बंधनकारक आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम १२७-क तेच सांगतं. आणि गाड्यांच्या नंबरप्लेट हे आपलं काम नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कारखान्यातूनच येते.

नावं कमी पडली तर

मग आधी साधं रेडियम कटिंगचं मशीन घ्या. ते प्रिंट-अँड-कटपेक्षा खूप स्वस्त, त्यात शाई नाही, सुकण्याची भीती नाही, महिनाभर बंद राहिलं तरी बिघडत नाही. रंगीत व्हिनाईलची अक्षरं, काचेवरची नावं, विहाराच्या पाट्या त्यावर होतात. छपाई बाहेरून करून घ्या आणि तिचं बिल दर महिन्याला वहीत लिहा. सलग सहा महिने ते बिल मोठ्या मशीनच्या हप्त्यापेक्षा जास्त आलं की समजा, वेळ झाली.

आणि मशीन मंडळाच्या नावावर घ्यायचं की दोघा-तिघांच्या भागीदारीत, हे पहिला रुपया देण्याआधी लेखी ठरवा. समाजाच्या वर्गणीतून आलेलं मशीन 'सगळ्यांचं' असतं, आणि सगळ्यांचं असलं की रोज सकाळी हेड पुसायला कुणीच येत नाही. एक जबाबदार माणूस, त्याचा ठरलेला पगार आणि दर महिन्याला विहारात वाचून दाखवलेला हिशेब, एवढं असेल तर पुढच्या जयंतीला मशीन चालू असेल आणि त्यावर एका घरचं पोटही चालत असेल.

जय भीम.