‘प्रस्थान’ आणि ‘सेट आउट’ : स्थानत्यागवाचक प्रयोगांविषयी

इंग्रजीत स्थानत्यागाचा अर्थ पुष्कळदा क्रियापदास जोडून येणाऱ्या क्रियाविशेषणाने व्यक्त होतो. ‘सेट’ म्हणजे ठेवणे. ‘आउट’च्या योगाने त्याचा अर्थ ‘निघणे’ होतो. संस्कृतातही असेच घडते. ‘स्था’ म्हणजे उभे राहणे. ‘प्र’ हा उपसर्ग लागताच तो धातू गतिवाचक होतो आणि पाणिनीच्या नियमानुसार आत्मनेपद घेतो. ‘प्रस्थान’ हा शब्द त्यापासूनच सिद्ध झाला.

मराठी हा भार मुख्यतः प्रत्ययांवर टाकते. ‘देहूहून निघाला’ यात गाव हा आरंभबिंदू आहे. ‘देहूतून निघाला’ यात अंतर्भागातून बाहेर पडणे आहे. ‘देहूवरून गेला’ यात गाव वाटेवरचा टप्पा ठरतो. ‘देहू सोडले’ या प्रयोगात मात्र इंग्रजी ‘लीव्ह’प्रमाणे स्थानच कर्म होते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहू येथून तुकोबांच्या पालखीचे प्रस्थान होते; तथापि पहिला मुक्काम देहूतच, इनामदारवाड्यात असतो. पालखी आकुर्डीकडे निघते ती दुसऱ्या दिवशी. तात्पर्य, ‘प्रस्थान’ प्रयाणाचा आरंभ सांगते, ‘सोडणे’ त्याची पूर्ती. म्हणून इंग्रजी भाषांतरात येथे ‘सेट आउट’ योजावे. ‘लीव्ह’ योजल्यास पालखीचा एक मुक्कामच गळून जाईल.